कॅलिफोर्नियाने नाकारलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. नेवाडातल्या रेनो शहराबाहेर एका खुराड्याला टेकून उभी असते. टायर केव्हाच बसले. पण मी कोरी होते तेव्हाची गोष्ट ऐका.

व्हर्ला टिबेट्स मला घ्यायला राज्याच्या सीमेपलीकडून, कॅलिफोर्नियातल्या डोंगरगावातून रेनोला आली. सरपणाच्या खेपा घालणे हा तिचा धंदा. सोबत नवरा ऑरिन होता. लाकूडगिरणीतल्या भुशाने त्याची छाती निकामी झाली होती.

"आमच्याकडं मिळते ती अशीच गाडी घाटात धापा टाकते," व्हर्ला म्हणाली.

"तुमच्याकडं धुराचे नियम कडक ना, बाई! तिचा श्वास बांधून ठेवलाय. ही मोकळी आहे," विक्रेता हसला.

"म्हणजे बरोब्बर माझ्या उलट," ऑरिन म्हणाला.

पहिलीच खेप घेऊन मी घाट एका दमात चढले. ऑरिनने खिडकीतून हात काढून माझे दार थोपटले. "शाब्बास, पोरी!" तसे कौतुक पुन्हा वाट्याला आले नाही.

आठवड्याने आम्ही नोंदणीच्या कचेरीत गेलो. कारकुनाने बाहेर येऊन माझे बॉनेट उचलले आणि आत चिकटवलेली धुराच्या नियमांची चिठ्ठी वाचली.

"ही कॅलिफोर्नियासाठी बनवलेली नाही. साडेसात हजार मैल होईपर्यंत ती नवीच धरतात, आणि अशी नवी गाडी इथं नोंदवता येत नाही."

"मग पळवते की तेवढे मैल!"

"नोंदणीशिवाय? पहिल्याच वळणावर पकडतील."

"असला नियम केला तरी कुणासाठी?" व्हर्ला कडाडली.

तेवढ्यात ऑरिनला खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून तो कितीतरी वेळ वाकून उभा राहिला. कारकून हलक्या आवाजात म्हणाला, "ह्यांच्यासारख्यांसाठीच केलाय, बाई."

व्हर्लाने ऑरिनला आधार देऊन माझ्या सीटवर बसवले. ज्या मोकळ्या श्वासावर मी घाट चढले, त्याचाच धूर मागे राहत होता.

तिने मला तोट्यात रेनोच्या विक्रेत्याला परत विकले आणि कॅलिफोर्नियातली ती धापा टाकणारी गाडी घ्यायचे ठरवले. रेनोहून निघताना ऑरिन व्हर्लाला म्हणाला, "सावकाश जाऊ. मी तरी कुठं धावतोय?"

मित्रांनो, गाडी घेताना तिचे बळ जरूर विचारा. पण बॉनेट उचलून ती चिठ्ठीही वाचा. तुम्ही न्याल तिकडे आम्ही जातो. मागे कुणाच्या छातीत काय सोडतो, ते थांबवणे आमच्या हाती नसते.