सव्वीस नंबर, कृपया आत यावे

डोळ्यांच्या दवाखान्यासाठी नंबर दाखवणारा फलक करायचं काम आलं, तेव्हा तिने साहेबांकडे फक्त दोन दिवस मागितले.

"कशाला?"

"तिथे जाऊन बसते. लोक कसे थांबतात ते बघते."

"थांबलेल्या माणसांत बघायचं काय, ताई? ती थांबलेलीच असतात."

ऑफिसात हशा पिकला आणि संशोधन ऑफिसातच उरकलं. सहा जणांनी खुर्च्या मांडून पेशंटचं सोंग घेतलं, फलक पाहिला, झकास म्हणाले. राखाडी पडद्यावर पांढरे, बारीक, नाजूक आकडे. नंबर पुकारणारा बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज साहेबांनी फलकातून काढून टाकला. त्यांना शांतता आवडायची.

फलक लागला त्याच सोमवारी तिच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. वर्षभर हात रिकामे होते, कारण काटे दिसेनात. दुपारी ती पोचली तर हॉल गच्च भरलेला, फलक शेवटच्या नंबरावर, साठवर, आणि आत डॉक्टर हात धुऊन घरी निघालेले.

"बाबा, तुमचा नंबर सव्वीस ना?"

"येईल गं. अजून सुरूच झालं नाही."

तेव्हा तिने नीट बघितलं. दारातच प्रत्येकाच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालत होते. सगळा हॉल धुक्यात बसला होता, फोटोसाठी बसल्यासारखा ताठ. हे कळायला तिला दोन दिवस नाही, दोन मिनिटं लागली.

"शेजारच्या आजींना सांगितलं मी," बाबा म्हणाले, "फलक आमच्या तायडीने केलाय."

आजी खांबाकडे बघत म्हणाल्या, "फार देखणा आहे हो. म्हणून तर कुणी तक्रार केली नाही."

ती खिडकीवर धावली. आतल्या बाईंनी मान वर केली नाही.

"नंबर येऊन गेला. हाकेला आले नाहीत."

"हाक मारलीच नाही हो तुम्ही!"

"फलक आहे ना. वाचता येत नाही का?"

"नाही येत. म्हणूनच आलेत इथे."

"मग पुढची तारीख घ्या. चार महिन्यांनी."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज खुशीत होता. "कमाल केलीस! डॉक्टर म्हणतात, गर्दी दुपारीच संपली. बक्षिसासाठी पाठवतोय आपण. त्यात आधी केलेल्या संशोधनाचं एक पान लागतं. दोन दिवस निरीक्षण केलं, असं लिहून टाक. पेशंटच्या सहीसकट."

"साहेब, इथे कुणाला काही दिसत नाहीये."

"छान, तेही घाल. आणि संध्याकाळपर्यंत पाठव. नोकरी नकोय का?"

घरात आता तिचाच पगार येत होता. बाबांच्या शेजारी बसून तिने मांडीवर पान लिहिलं: दोन दिवसांचं निरीक्षण, एक पेशंट, वय बहात्तर, पूर्ण समाधानी.

"कसली सही गं?"

"ऑफिसची आहे, बाबा."

बाबांनी खूश होऊन पेन घेतलं. कुठे करायची, ते तिने त्यांचं बोट धरून दाखवलं.