सत्तावीस नंबरचे सात ठिपके

मी फळा बोलतोय. शाळेतला काळा नव्हे, ऑफिसातला पांढरा. सहा फूट लांब, चार फूट उंच, अंगावर गुळगुळीत लेप दिलेला पत्रा आणि चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी. बोलतोय असं म्हणालो खरा, पण वेळ होती तेव्हा मला एक शब्द बोलता आला असता, तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर आमच्या अंगावरून बोटं फिरवून खडबडीत जागा शोधत असत. त्यांनी मला पास केलं आणि मी टेम्पोत बसून या कंपनीत आलो. कंपनीचं काम लिफ्टच्या देखभालीचं. शहरभरातल्या चौसष्ट लिफ्ट यांच्याकडे. लिफ्ट बंद पडली की इथला फोन वाजतो आणि कोणीतरी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघतं.

मला मीटिंगच्या खोलीत टांगलं. आठ खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. तिच्यावर नेहमी लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्रीच बसायचे, कारण ते सगळ्यांत शेवटी यायचे.

माझा खरा संबंध आला तो ताईंशी. कंपनीचे सगळे अहवाल त्या करायच्या. दर शुक्रवारी दुपारी जेवण झालं की त्या माझ्यासमोर उभ्या राहायच्या. डावीकडे वरून खाली लिफ्टचे नंबर, एक ते चौसष्ट. पुढे महिन्याचे आठवडे. लिफ्ट एकदा बंद पडली की एक लाल ठिपका. बस्स, एवढाच आमचा कारभार. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही कळावा असा.

सोमवारी सकाळी साहेब चहाचा कप घेऊन आत यायचे आणि बसायच्या आधीच त्यांची नजर माझ्यावर जायची.

“ही नऊ नंबर काय म्हणतेय, मिस्त्री? पाच वेळा?”

“दरवाजाची मोटर गेलीय, साहेब. मी आपला ढकलगाडी चालवतोय.”

“मग बदला की.”

आणि मोटर बदलली जायची. पुढच्या महिन्यात नऊ नंबरची ओळ कोरी राहिली, तेव्हा माझाच ऊर भरून आला. मी काही केलं नव्हतं, नुसता समोर होतो. पण कधी कधी समोर असणं हेच मोठं काम असतं.

माझ्यात खोट नव्हती असं मात्र नाही. साहेब बाहेरगावी गेले की त्यांना मी दिसायचो नाही. ग्राहकांनी अहवाल मागितला की ताई मोबाईलवर माझा फोटो काढायच्या आणि नेमका मधोमध दिव्याचा चकाकता डाग यायचा. महिना संपला की सगळं पुसायचं, मग मागचं कोणाला आठवणार? शिवाय वरच्या ओळी लिहायला हात उंच करून करून ताईंचा खांदा धरला. डॉक्टरांनी हात वर करायला बंदी घातली. शेवटी ताईच साहेबांना म्हणाल्या, “साहेब, आता एखादं सॉफ्टवेअर घेऊया. आकडे भरले की आलेख आपोआप तयार होतील, असं काहीतरी.”

मला वाईट वाटलं नाही. त्यांचा खांदा दुखायचा तेव्हा त्या माझ्याच चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. मला ते वजन ठाऊक होतं.

सॉफ्टवेअर दाखवायला तीन कंपन्यांची माणसं आली, एकाच दिवशी, एकामागून एक. खोलीत पडदा नव्हता, म्हणून प्रोजेक्टरचा उजेड माझ्यावरच पाडला. माझ्या जागी जे येणार होतं, ते माझ्याच अंगावर पाहून पसंत करायचं होतं.

पहिल्याने शहराचा नकाशा दाखवला. त्यावर फुगे फुगत होते, फुटत होते. साहेबांनी विचारलं, “हा फुगा मोठा का झाला?” तर उत्तर द्यायला त्यालाच चार मिनिटं लागली.

दुसऱ्या बाई मितभाषी होत्या, घसा बसलेला. त्यांचं सॉफ्टवेअरही त्यांच्यासारखंच. प्रत्येक लिफ्टची एक ओळ, जी सगळ्यांत जास्त बंद पडते ती सगळ्यांत वर. ताई खुर्चीत पुढे सरकल्या. पण साहेब म्हणाले, “हे तर आपल्या फळ्यासारखंच दिसतंय. मग नवीन काय घेतलं?”

तिसरा गृहस्थ कडक इस्त्रीचा. त्याने माझ्या मधोमध एक भलंमोठं गोल घड्याळ उमटवलं, मोटारीच्या वेगाचं असतं तसं. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आणि एक काटा. “साहेब, तुम्हाला एक आकडा हवा. ठरलेल्या वेळेत किती तक्रारी मिटल्या? बस्स. बाकीचं बघायला तुमची माणसं आहेतच.”

साहेबांचा चेहरा खुलला. दिवसाला शंभर गोष्टी बघणाऱ्या माणसाला कोणी एकच बघा म्हटलं तर ते गोड लागणारच.

पण त्या महिन्यात सत्तावीस नंबरच्या ओळीत सात ठिपके होते. ही लिफ्ट डोळ्यांच्या दवाखान्याच्या इमारतीतली. ताईंनी ते ठिपके पुसले नव्हते, आणि ते नेमके हिरव्या पट्ट्यातून वर येत होते.

“हे जरा पुसता येईल का? रंग बिघडतोय,” तो गृहस्थ म्हणाला.

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी ठिपके वहीत उतरवून घेतले आणि डस्टर उचललं. दुखऱ्या खांद्याने एकेक ठिपका पुसला. मग जागेवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, “एकाच लिफ्टचं बघायचं असेल तर?”

“क्लिक केलं की दिसतं, ताई.”

“आणि क्लिक नाही केलं तर?”

तो हसला. “तर बघायची गरज नव्हती असं समजायचं.”

सगळे हसले. मी भिंतीला खिळलेला. ओरडावंसं वाटत होतं, पण पत्र्याला तोंड कुठलं?

मिस्त्रींना त्या दिवशी कोणी बोलावलंच नव्हतं. ते दुपारी आले, हात फडक्याला पुसले आणि माझ्यासमोर थांबले. “माझे सात कुठे गेले?”

“वहीत आहेत,” ताई म्हणाल्या.

“वहीत कोण बघतंय? अहो ताई, तिचा ब्रेक झिजलाय. दरवेळी मी जातो, आवळतो, चालू करून देतो. चालू करणं वेगळं आणि बरं करणं वेगळं. नवा ब्रेक साहेबांनी मागवायला हवा.”

“सोमवारी बोलते.”

काटेवालं सॉफ्टवेअर आलं. भिंतीवर मोठा पडदा लागला आणि मला काढून बाहेर बोळात ठेवलं, चहाच्या टेबलाशेजारी. मीटिंगच्या खोलीचं दार समोरच, बहुतेक उघडंच असायचं. त्यामुळे पडदा मला दिसायचा आणि बोलणंही ऐकू यायचं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं.

आता त्या काट्याची गंमत ऐका. सत्तावीस नंबर बंद पडली की मिस्त्री धावत सुटायचे. दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं असतात, त्यांना जिना कसा उतरवायचा? म्हणून ते तासाच्या आत लिफ्ट चालू करून द्यायचे. सॉफ्टवेअर त्याची नोंद करायचं: तक्रार वेळेत मिटली. काटा हिरव्यात आणखी थोडा पुढे. म्हणजे लिफ्ट जितकी जास्त बंद पडेल आणि मिस्त्री जितके जास्त धावतील, तितकं कंपनीचं चित्र हिरवंगार. चोख कामानेच त्या माणसाचा घात केला.

ताई सोमवारी बोलल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. “साहेब, सत्तावीस नंबरचा एकदा विचार...”

“वेळेत मिटतंय ना सगळं? शहाण्णव टक्के आहेत. मग पुढे चला.”

ताई पुढे गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा साहेबांचा फोन वाजला. तिसऱ्या सोमवारी त्या गप्प राहिल्या. त्यांचा स्वभाव भांडणाचा नाही. तीनदा दार वाजवून उघडलं नाही की चौथ्यांदा वाजवायची लाज वाटते, अशातल्या त्या. मीटिंग संपली की मात्र एकट्या बसून क्लिक करायच्या. वर्ष निवडा, भाग निवडा, इमारत निवडा, लिफ्ट निवडा. चार क्लिकनंतर सत्तावीसची यादी उघडायची. आठ तक्रारी झाल्या. दहा झाल्या. मग त्या पडदा बंद करायच्या आणि माझ्याशेजारी येऊन चहा ओतून घ्यायच्या. चहा तसाच गार व्हायचा.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बोळातला फोन वाजला. ताईंनी उचलला. “हो” म्हणाल्या, पुन्हा “हो” म्हणाल्या आणि साहेबांकडे धावल्या.

मिस्त्री सत्तावीस नंबरच्या टपावर उभे राहून काम करत होते. ब्रेकने धरलं नाही. लिफ्ट हातभरच सरकली, पण त्यांचा उजवा हात तारेच्या आणि चाकाच्या मध्ये होता. दोन बोटं गेली.

साहेब वाईट माणूस नाहीत हो. मिस्त्रींना ज्या इस्पितळात नेलं, तिथे ते त्याच पावली गेले, रोज जात राहिले. नवा ब्रेक दोन दिवसांत बसला. पुढच्या सोमवारी ते खोलीत एकटेच बसले होते. पडद्यावर काटा सत्त्याण्णववर. ताई आत गेल्या तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं, साहेब. पण गप्पही मीच बसले.”

दोघंही त्या काट्याकडे बघत होते. इतका सुंदर हिरवा रंग मी जन्मात पाहिला नव्हता.

दोन महिन्यांनी मिस्त्री कामावर आले. टपावर चढणं आता शक्य नव्हतं, म्हणून त्यांना खुर्चीचं काम दिलं. तक्रारींचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, डाव्या हाताच्या एका बोटाने. ज्या हातांनी तीस वर्षं लिफ्ट चालत्या ठेवल्या, त्यांतलं एक बोट अक्षर शोधत कीबोर्डवर भटकत राहायचं. घरी बायको म्हणायची म्हणे, “बरं झालं, आता जिवाला घोर नाही.” ते हे हसत सांगायचे, पण चहाचा कप उचलताना दुसरीकडे बघायचे.

एकदा बोळात चहा पिताना त्यांनी ताईंना विचारलं, “ताई, माझ्या हाताची नोंद कुठल्या खान्यात गेली?”

ताई चहा ढवळत राहिल्या.

“सांगा की. आता मीच भरतो ना रोज, तरी मला सापडत नाही.”

“त्याला खानाच नाही, मिस्त्री.”

“आणि त्या दिवसाची तक्रार?”

“दुसरा माणूस पाठवला होता. त्याने लिफ्ट चालू करून दिली. अठ्ठेचाळीस मिनिटांत. वेळेत मिटली.”

मिस्त्रींनी मान हलवली, एखाद्याचा हिशेब बरोबर आहे असं कबूल करावं तशी. मग कप विसळून पालथा ठेवला आणि जागेवर गेले.

माझं म्हणाल तर मी अजून बोळातच आहे. अंगावर रजेच्या सूचना चिकटवलेल्या असतात. चिकटपट्टी काढताना लेपाचे पापुद्रे निघतात. या आठवड्यात भंगारवाला येऊन माप घेऊन गेला, पत्रा जाड आहे म्हणाला. मला परत टांगा असं मी म्हणणार नाही. माझे दिवस संपले, ते रास्तच आहे. ताईंचा खांदा आता बरा आहे. पण तुमच्यापैकी कोणी उद्या असं काही निवडायला बसणार असेल, तर जो टपावर चढतो त्याला आधी खोलीत बोलवा. कोणता रंग छान दिसतो ते सगळ्यांना कळतं. काय लपलंय ते त्यालाच कळतं.

काट्याच्या सॉफ्टवेअरची वर्षाची मुदत संपत आलीय. आज सकाळी पुन्हा तीन नवी माणसं नवीन सॉफ्टवेअर घेऊन आली आहेत. खुर्च्या मांडल्या, पाण्याचे ग्लास ठेवले. आतून पहिला प्रश्न माझ्या कानावर आला: “रंग बदलून घेता येतात का यात?”

तेवढ्यात ताई बाहेर आल्या आणि शेजारच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मिस्त्री एका बोटाने टकटक करत होते.

“मिस्त्री, आत चला.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“एकच विचारा. मी विचारून थकले.”

“काय विचारू?”

“एखादी लिफ्ट आजारी आहे, तर ती न शोधता दिसते का.”

मिस्त्रींनी उजवा हात खिशात घातला. मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढला आणि ताईंच्या मागोमाग आत गेले. कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आतल्या कोणीतरी दार लावून घेतलं.

आता मला काही ऐकू येत नाही. भंगारवाला उद्या येणार आहे.