कुरूप म्हटलेली चाळीस पाने

मी एक जुनी वेताची टोपली आहे. गणिताच्या प्राध्यापिका बाईंच्या खोलीत, टेबलाच्या पायाशी माझी जागा. मी नवी होते तेव्हा सगळे मला देखणी म्हणाले आणि माझ्यात रद्दी टाकू लागले.

मित्रांनो, चुकलेला कागद टाकायचा असतो, एवढेच तेव्हा मला ठाऊक होते.

बाईंच्या एका विद्यार्थिनीची पदवी एका प्रमेयावर अडली होती. दोन वर्षे खपून तिने त्याची सिद्धता लिहिली. चाळीस पाने झाली. बाईंनी ती नीट वाचली आणि म्हणाल्या, "चूक कुठेच नाही. पण कुरूप आहे गं ही. नुसती एकेक शक्यता तपासत गेलीस. सुंदर करून आण."

बाई वर्गावर गेल्या, तशी मुलीने चाळीसही पाने माझ्यात टाकली. चूक नव्हती, तरी टाकली. मी गोंधळून गेले. झाडणाऱ्या मावशींनी त्यातले एक पान सरळ करून पाहिले, किती सुंदर लिहिलंय असे पुटपुटल्या, आणि सगळीच पाने पोत्यात भरली.

सहा महिन्यांनी मुलीने दीड पानाची सिद्धता आणली. बाई वाचता वाचता उभ्याच राहिल्या. शेजारच्या खोल्यांतली माणसे बोलावली. जो तो सुंदर, सुंदर म्हणत होता. आठवड्याने मुलीलाच सातव्या ओळीत चूक सापडली. काही केल्या ती दुरुस्त होईना. ते दीड पान बाईंनी स्वतः माझ्यात ठेवले, न चुरगळता.

मग मुलगी ती चाळीस पाने आठवून पुन्हा लिहायला बसली. बाई शेजारी बसल्या. सव्विसाव्या पानाशी त्यांनी तिचा हात थांबवला.

"सगळ्या शक्यता इथे एकाच जागी येऊन मिळतात. मला हे आधी दिसलं कसं नाही?"

"तेव्हाही इथेच होतं, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "सुंदर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मुलीला पदवी मिळाली. मला मात्र काहीच उमगले नाही. तोच क्रम, त्याच पायऱ्या. मग कुरूप कधी संपले आणि सुंदर कुठे सुरू झाले?

आता माझे वेत सुटले आहेत आणि माझ्यात ओल्या छत्र्या ठेवतात. मित्रांनो, कोणी खपून केलेले काम तुम्हाला आवडले नाही, तर लगेच माझ्याकडे देऊ नका. चार दिवस टेबलावर राहू द्या. मला भरून जायची घाई नाही.