एकदाच वाजणारा पाना

मित्रांनो, माझ्या अंगावरचे आकडे आता पुसट झाले आहेत आणि मुठीवरची नक्षी झिजली आहे. तरीही कुणी "हा कसला दांडा?" असे विचारले की मला राग येतो. मी दांडा नाही. मी एक जुना टॉर्क पाना आहे. साधा पाना नट नुसता फिरवतो. नट किती आवळायचा ते मी सांगतो. माझ्या पोटात स्प्रिंग आहे. मूठ फिरवून हवा तो आकडा लावा आणि ओढा. तेवढा जोर पोचला की मी "कट्" असा आवाज करतो. त्याचा अर्थ एकच, की आता थांबा.

जालंधरच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. १९९३ साली मी बनारसमधल्या अवजारांच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथेच एके दिवशी बिंदुमाधवराव आले. ते रामघाटावर राहत आणि बँकेत नोकरी करत. त्यांच्या स्कूटरच्या चाकाचे नट रस्त्यावरचा मिस्त्री जास्त जोर मिळावा म्हणून पान्याला नळी लावून, वर उभा राहून आवळत असे. अशाने एखादा बोल्ट तुटेल, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी चाकाचे काम घरीच करायचे ठरवले होते.

दुकानदाराने माझ्या शेजारचा चकचकीत पाना पुढे केला. "ले जाइए गुरु, देखिए कैसा चमाचम है. जिंदगी भर चलेगा."

बिंदुमाधवरावांनी घाई केली नाही. दोघांनाही एकाच आकड्यावर लावून त्यांनी आम्हाला दहा-दहा वेळा ओढून पाहिले. चकचकीत भाऊ कधी लवकर बोले, कधी उशिरा, एकदा तर बोललाच नाही. मी दर वेळी त्याच जागी बोललो. मग त्यांनी माझी मूठ आकड्यावर घट्ट बसते का ते पाहिले, माझ्या खोक्यातली तपासणीची चिठ्ठी वाचली, तिच्यावरचा क्रमांक माझ्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, आणि मला घेतले. खरे सांगतो, त्या दिवशी मी फार फुशारलो होतो.

स्कूटर चालवत असत त्या त्यांच्या पत्नी शरदिनीबाई. त्या गंगेपलीकडे रामनगरच्या शाळेत मुलींना विज्ञान शिकवत. टेम्पो बदलत पूल ओलांडून जायचे म्हटले तर पहिला तास हमखास बुडायचा. म्हणून दर रविवारी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी राही आणि बिंदुमाधवराव चाकाचे पाचही नट माझ्याकडून तपासून घेत.

पण त्यांच्या हाताला एक सवय होती. घराणे वैदिकांचे. आचमन तीनदा, अर्घ्य तीनदा. कोणतीही गोष्ट तीनदा केल्याशिवाय त्यांना ती झाल्यासारखी वाटतच नसे. मी "कट्" म्हणे आणि ते पुन्हा जोर लावत. कट्. आणि पुन्हा. कट्. मी जीव तोडून "थांबा, थांबा" म्हणत होतो. ते मात्र प्रसन्न चेहऱ्याने म्हणत, "पक्कं झालं!"

असे दोन वर्षे चालले. दर रविवारी नट केसभर पुढे सरकत होता आणि आतला बोल्ट ताणला जात होता. एका शुक्रवारी पुलावर शरदिनीबाईंना मागचे चाक डगमगल्यासारखे वाटले. त्यांनी स्कूटर कडेला घेतली. एक बोल्ट तुटला होता आणि दुसरा तुटायच्या बेतात होता. भर उन्हात स्कूटर ढकलत त्या घरी आल्या.

बिंदुमाधवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "पाना खोटा निघाला," ते म्हणाले. "आता बस झालं. रामनगरला जाणं बंद कर. नोकरीपेक्षा जान मोठी आहे."

"अहो, मला नोकरी सोडायची नाहीये," शरदिनीबाई शांतपणे म्हणाल्या.

"सोमवारी हेडबाईंना सांगून टाक," एवढेच बोलून त्यांनी मला जुन्या ट्रंकेत टाकले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी खोटा ठरलो याचे तर वाटलेच, पण माझ्यामुळे एका बाईंची शाळा सुटणार याचे जास्त वाटले.

शनिवारी बिंदुमाधवरावांनी नवे बोल्ट बसवले आणि नट साध्या पान्याने, नळी लावून आवळले. स्कूटर विकायची तर चाक धड हवे, असे ते म्हणाले. रविवारी सकाळी शरदिनीबाईंनी मला ट्रंकेतून काढले. वाण्याकडून वजने आणली. माझ्या डोक्यापासून मुठीपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजले, दहा किलो वजनाने किती जोर पडेल त्याचा कागदावर गुणाकार केला आणि मला तोच आकडा लावला. मग घट्ट बसलेल्या एका नटावर मला आडवे चढवून मुठीला पिशवी टांगली. पिशवीत नऊ किलो होईपर्यंत मी गप्प राहिलो. दहावा किलो पडला आणि मी "कट्" म्हणालो. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. मी चुकलो नाही.

"पाना खराब नाहीये," त्या म्हणाल्या. "आता नट ढिला करा आणि तुम्ही नेहमी आवळता तसा आवळा."

पहिल्या "कट्"नंतर त्यांनी बिंदुमाधवरावांचा हात थोपवला आणि नटापासून चाकापर्यंत कुंकवाची एक सरळ रेघ ओढली. मग म्हणाल्या, "हं, पुढे." दुसरे कट्, तिसरे कट्. रेघ मधोमध तुटली होती. नटावरचा तुकडा पुढे गेला होता.

बिंदुमाधवरावांनी वाकून रेघेच्या दोन्ही तुकड्यांवरून बोट फिरवले. "म्हणजे मीच," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तीनदा केलं की तू सेफ."

"पान्याने एकदाच सांगितलं होतं," शरदिनीबाई म्हणाल्या. "मीही."

बिंदुमाधवरावांनी सगळे नट सैल केले आणि माझ्याकडून नव्याने आवळले. पाच नट, पाच आवाज. शेवटच्या नटावर त्यांचा हात पुन्हा जोर घेऊ लागला, तसा त्यांनी तो मागे घेऊन धोतराला पुसला. सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच स्कूटरची किल्ली शरदिनीबाईंच्या हातात ठेवली.

त्या दुपारी ते बँकेतून लवकर आले आणि चार वाजल्यापासून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. साडेचारला स्कूटर आली. "पहिला तास मिळाला?" त्यांनी विचारले. "मिळाला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, काम संपले की माझी मूठ सैल करून ठेवा, नाहीतर स्प्रिंग थकते. गंजलेला नट उचकटायला मला वापरू नका. मला आपटू नका. पण याहूनही एक मोठी गोष्ट आहे. माझ्या आयुष्यातला तो बोल्ट निष्काळजी हाताने तुटला नाही, फार काळजी करणाऱ्या हाताने तुटला. म्हणून मी "कट्" म्हटले की हात काढून घ्या, आणि आपल्या माणसाला जाऊ द्या.