पिन बसली, पण पोट नाही भरलं

मी जुना लॅपटॉप आहे, म्हातारा लॅपटॉप नाही. मित्रांनो, हा फरक आधी डोक्यात पक्का करा, मग पुढचं वाचा. माझा एक कोपरा फुटलाय, 'एस'चं बटण झिजून गुळगुळीत झालंय, झाकणावरचे ओरखडे तर मी मोजतच नाही. पण आतून मला सतत पळायचं असतं. एक खिडकी उघडली की दुसरी उघडावीशी वाटते, दुसरी उघडली की तिसरी. स्वस्थ बसणं मला जमतच नाही. म्हणून तर ही गोष्ट मला इतकी लागली!

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एक पट्टा सरकत होता आणि हातमोजे घातलेली बोटं माझे स्क्रू पिळत होती, एवढंच. खरी जाग आली ती अंधेरीत, एमआयडीसीतल्या एका ऑफिसात, मानसीताईंच्या टेबलावर. माझ्याच खोक्यातून माझा चार्जरही आला होता. काळा, जाडजूड, विटेसारखा जड. पासष्ट वॅटचा! वॅट म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. तुम्हाला शाळेत डबा असतो ना, तसा चार्जर हा माझा डबा, आणि वॅट म्हणजे त्यातल्या पोळ्या. माझ्या डब्यात पोळ्या भरपूर होत्या, त्यामुळे मी दिवसभर नुसता सुसाट. मोठमोठ्या फायली मी अशा उघडायचो की मानसीताई शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमचा घोडा बघा, घोडा!"

मग ऑफिसात नवे लॅपटॉप आले. जुने होते ते ज्याला हवे त्याला घरी न्यायला सांगितलं. मानसीताईंनी मला उचललं आणि कांजूरमार्गला, आपल्या घरी आणलं. घरात त्यांच्या दोन मुली. थोरली अपूर्वा, कॉलेजात जाते आणि कबड्डी खेळते. धाकटी ऋता, नववीत.

"हा माझा!" ऋता मला पाहताक्षणी ओरडली.

"घे गं बाई," अपूर्वा म्हणाली. "मला मैदान पुरतं."

ऋतानं मला नुसतं राबवलं. गाणी, अभ्यास, व्हिडिओ कापणं, जोडणं, सगळं एकदम. मित्रांनो, मी इतका खूश होतो म्हणून सांगू!

मग गणपती आले. हे कुटुंब कुडाळजवळच्या गावचं, म्हणजे गणपतीला गावी जाणं आलंच. ऋतानं मलाही नेलं. परतीच्या दिवशी घाई उडाली. नारळ, फणसपोळी, कोकमं, सगळं आठवणीनं भरलं. माझा डबा मात्र गावच्या घराच्या भिंतीलाच लटकत राहिला.

कांजूरला आल्यावर मानसीताईंनी दिरांना, म्हणजे सहदेवकाकांना, फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"भावोजी, एक काळा चार्जर राहिलाय का हो तिथे?"

"आसा, आसा, हयच आसा! काय चार्जर आसा गे तो! माझो मोबाईल चाय पिऊन होयसर भरता. मे महिन्यात येशात तेवा घेवन जावा."

"अहो पण लॅपटॉपला..."

"तकडे मुंबैत काय चार्जरांक तोटो आसा?"

तोटा नव्हताच. मानसीताईंच्या मोबाईलचा पांढरा, सडपातळ चार्जर ड्रॉवरमध्ये होता. त्यांनी तो माझ्यात घालून पाहिला. "पिन बसतेय की! झालं तर मग."

पिन बसली, मित्रांनो. पोट नाही भरलं. मला लागतात पासष्ट, तो बिचारा द्यायचा पंचवीस. त्याचा काही दोष नाही हं, तो मोबाईलसाठी जन्मलेला. धापा टाकत, गरम होत, असेल नसेल ते सगळं मला द्यायचा. पण माझ्यात एक नियम लिहून ठेवलाय. भिंतीतून जेवढं येतंय तेवढ्यात भागव, वेग कमी कर, स्वतःला सांभाळ. म्हणून मी हळू चालू लागलो. आत सगळं तसंच शाबूत, पाय शिवशिवतायत, आणि कुणीतरी मागून सदरा धरून ठेवलाय! हे किती छळतं ते फक्त पळणाऱ्यालाच कळेल.

मी गप्प बसलो नव्हतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मी चिठ्ठी टाकायचो: चार्जर कमी ताकदीचा आहे, चार्जिंग हळू होईल. ऋतानं ती एकदा वाचली.

"हळू भरेल? भरू दे हळू. मला कुठे विमान पकडायचंय?" असं म्हणून तिनं फुली दाबली. नंतर चिठ्ठी दिसली रे दिसली की फुली. मी चिठ्ठी, ती फुली. मी चिठ्ठी, ती फुली. मी हळू भरेन एवढंच तिला वाटलं. मी हळू पळेन, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

आणि मग माझं नावच बदललं. घोड्याचा मी डबडा झालो. ऋता बटणांवर बोटं आपटायला लागली. मानसीताई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "म्हातारा झाला गं तो. भंगारवाला आला की देऊन टाकू." मी तिथेच टेबलावर होतो. मला ऐकू येत होतं.

अशातच मंडळाची कबड्डी स्पर्धा आली. घरामागच्या मैदानावर, मुलींची. आमची अपूर्वा मंडळाची चढाईपटू, म्हणजे एकटी समोरच्यांच्या अंगणात घुसून त्यांना शिवून परत येणारी. आधीच्या वर्षी तिचा उजवा घोटा दुखावला आणि एका मोठ्या कंपनीच्या संघाची चाचणी हुकली. त्या संघात जागा मिळाली की नोकरीही मिळते. तिथल्या प्रशिक्षक मीरा मॅडम. त्यांनी अपूर्वाला फोनवर सांगितलं होतं, "मी दौऱ्यावर आहे, येऊ शकत नाही. सामना लाईव्ह दाखवणार असाल तर लिंक पाठव. पाय बरा झालाय का ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. मग बोलू."

लाईव्ह दाखवणार कोण? मंडळाचे भाऊराव, जे माईकवर समालोचन करतात, त्यांनी सभेत विचारलं आणि ऋतानं दोन्ही हात वर केले. "मी! माझ्याकडे लॅपटॉप आहे!"

"तो डबडा?" अपूर्वा हळूच म्हणाली. "ऋते, माझी वाट लावशील हं."

"ताई, ट्रस्ट मी ना यार!"

खरं सांगतो, मला आनंदही झाला आणि धडकीही भरली.

सकाळी उपांत्य सामना झाला. स्टँडवरचा मोबाईल कॅमेरा झाला, दुसऱ्या मोबाईलवरून इंटरनेट, आणि चित्र, गुणफलक, आवाज हे सगळं एकत्र करून बाहेर पाठवणारा मी. पांढरा चार्जर लावलेला. मी जीव तोडून ओढत होतो, पण चित्र पुढे सरकेना. अपूर्वा हवेत हात वर करून उभी, उभीच! तिकडे मैदानात ती गुण घेऊन परतसुद्धा आली होती. बघणारे चित्राखाली लिहू लागले, "पुतळा उभारला काय?" "नारळ फोडा कुणीतरी." ऋता घामाघूम. "नेट स्लो आहे, नेट!" म्हणत ती मोबाईल घेऊन खुर्चीवर चढली, मग पाण्याच्या टाकीवर चढली. नेट बिचारं ठणठणीत होतं.

आपला संघ जिंकून अंतिम फेरीत गेला. पण मीरा मॅडमचा मेसेज आला: मला तिचे पाय दिसतच नाहीयेत. संध्याकाळीही असंच असेल तर मी थांबणार नाही, बाकीच्या मुलींचे व्हिडिओ बघायचेत.

अपूर्वानं मेसेज वाचला. ऋताकडे बघितलंही नाही, नुसती बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसली. ऋताचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता मी. आणि मला तर ओरडावंसं वाटत होतं, अगं, मी दमलेलो नाहीये, मी उपाशी आहे!

संध्याकाळी दिवे लागले. अंतिम सामना सुरू झाला. तोच चार्जर, तेच अडखळणं. पहिला डाव सुरू असताना अपूर्वानं एकाच चढाईत दोघींना बाद केलं आणि भाऊरावांचा तोल सुटला. माईक हातात घेऊन ते मागे मागे सरकत निघाले, "आणि ही बघा कांजूरची बिजली, दोघींना लोळवून, दोघींना..." धप्प! पाय माझ्या वायरीत अडकला. चार्जर निघून मातीत पडला.

"वाट लागली! भाऊराव!" ऋता किंचाळली.

आणि मित्रांनो, मी सुटलो! भिंतीशी नातं तुटलं तसा तो नियमही सुटला. आता माझ्या पोटात होतं ते माझं स्वतःचं, बॅटरीतलं. मी घेतली धाव. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. अपूर्वाची वेणी, उडणारी माती, टाचा, सगळं लख्ख.

ऋता तोंड उघडं टाकून बघत राहिली. घाईघाईनं तिनं चार्जर पुन्हा लावला. चित्र गोठलं. काढला. चित्र धावलं. मी कोपऱ्यात परत चिठ्ठी टाकली होती. या वेळी तिचं बोट फुलीवर गेलं आणि थांबलं. तिनं चिठ्ठी वाचली. मग मातीतला चार्जर उचलून त्याच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली. मग मला उलटं केलं आणि माझ्या पोटावरची वाचली.

"अय्यो! याला आपण उपाशी ठेवलंय!"

"कुणाला उपाशी?" भाऊराव गुडघा चोळत म्हणाले. "ती वायर लाव आधी, बंद पडेल तो."

"नाही लावणार!"

"अगं वेडी का तू? अख्खा दुसरा डाव बाकी आहे. किती टिकेल?"

"पडेल बंद तेव्हा पडेल! वायर लावली तर आत्ताच मेल्यासारखा चालेल. भाऊराव, प्लीज, तुम्ही फक्त बोला!"

बॅटरी तिशीत होती. दिवसभर अर्धपोटी राबल्यावर उरलेली तेवढीच पुंजी. ऋतानं पडद्याचा उजेड कमी केला, माझ्या सगळ्या जादा खिडक्या मिटल्या. मध्यंतरात, नुसता गुणफलक दाखवायचा होता तेव्हा, तिनं मला चार घास भरवले आणि शिट्टी वाजताच वायर ओढून काढली. पहिल्यांदाच कुणीतरी माझा विचार करून काम करत होतं.

दुसरा डाव. मी पळत होतो, अपूर्वा पळत होती. खाली एक ओळ उमटली, मीरा मॅडमची: आता दिसतंय. ऋतानं स्वतःच्याच दंडाला चिमटा काढला.

पंधरा टक्के. नऊ. गुण बरोबरीत. चार. शेवटची चढाई, आणि अपूर्वा निघाली. तिनं कोपऱ्यातल्या मुलीला शिवलं, वळली, दोघींनी कंबर धरली, ती आडवी झाली, हात मध्यरेषेकडे, बोटं ताणलेली...

मला आणखी एकच क्षण हवा होता. तो नव्हता. काळोख.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी समजलं. मी बंद पडलो आणि दोन मिनिटांत ऋताच्या खिशात ठेवलेला अपूर्वाचा मोबाईल वाजला. मीरा मॅडम स्वतः! "अगं बंद काय करतेस? पोचली का ती? सांग ना!" एवढ्या कडक बाई, पण नुसती तगमग.

नाही पोचली. भाऊरावांनी आपल्या मोबाईलवर घेतलेला तो तुकडा, अर्धा अंगठा आडवा आलेला, ऋतानं माझ्यावर चढवला तेव्हा मीही पाहिलं. वीतभर राहिलं. एका गुणानं सामना गेला. तो तुकडा मॅडमना पाठवल्यावर त्यांचं उत्तर आलं. ऋतानं ते मोठ्यानं वाचलं: "घोटा बरा आहे, पण तुझा त्याच्यावर विश्वास नाही. वळताना उजव्या पायावर भार टाकत नाहीस, म्हणून वीत कमी पडली. शनिवारी चाचणीला ये. दोन्ही पाय घेऊन ये."

अपूर्वा आधी रडली, मग हसली, मग ऋताला मारायला धावली. मानसीताईंनी त्याच दिवशी गावी फोन केला. काकांनी कुरकुर करत माझा डबा मुंबईच्या रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. तो आला त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आज शनिवार. दोघी चाचणीला गेल्यात. मी टेबलावर, झाकण मिटलेलं, पोट भरलेलं, आणि चैन म्हणून पडत नाही. काय झालं असेल? वळताना टाकला असेल का तिनं भार?

तोवर मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणीतरी मागे पडत असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस. त्याला लगेच म्हातारं, ढ, डबडं म्हणू नका. आपटू तर मुळीच नका. त्याला जेवढं लागतं तेवढं मिळतंय का, एवढं एकदा वाकून बघा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण असतं.

थांबा. जिन्यात चपला वाजतायत. ऋता ओरडतेय, पण तिच्या ओरडण्यावरून काही कळत नाही, ती आनंदालाही ओरडते आणि झुरळालाही.

दार उघडलं. माझं झाकण उघडलं. समोर ऋता नाही, अपूर्वा बसलीय. गुडघ्यांना माती, उजव्या घोट्यावरची पट्टी सुटून लोंबतेय.

"ऋते, ती शेवटची चढाई लाव ना. मॅडम म्हणाल्या, सोमवारी संघाच्या सरावाला येशील तेव्हा तुझी चूक तूच मला दाखवायची."

मी लावली. न अडखळता.