टाकी दोन बोटं वर

जावई घड्याळं दुरुस्त करायचा. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, जिथे भिंतीवर घड्याळ बंद पडेल तिथे तो. उंची इतकी की स्टूल लागत नसे, म्हणून लोक त्याला शिडी म्हणत. लग्नानंतर सासूबाईंनी आपली मोटरसायकल त्याला दिली. सासूबाई म्हणजे नर्सबाई. त्यांना सगळे नर्सबाईच म्हणत. रागावली की मुलगीसुद्धा. उभी नोकरी त्यांनी याच गाडीवरून घरोघर जाऊन बाळंतपणं केली होती. निवृत्त झाल्यावर गाडी शेडमध्ये लावून वर चादर घातली होती, तीही इस्त्री केलेली.

किल्ली देताना त्या एवढंच म्हणाल्या, “जावईबापू, हिला काही करायला जाऊ नका. ही आहे तशी बरी आहे.”

गाडी बरी होतीच. अडचण शिडीच्या पायांची होती. पेट्रोलची टाकी इंजिनावर झाकणासारखी घट्ट बसलेली. गरम हवेला वर जायला वाट नाही, ती बाजूंनी बाहेर यायची आणि शिडीच्या मांड्या भाजायची. गुडघे तर थेट इंजिनालाच टेकायचे. नर्सबाई ठेंगण्या, त्यांचे गुडघे मागे राहत असणार, असं त्यानं धरून चाललं होतं.

गुडघे वाचवायला तो पाय फाकवून गाडी चालवू लागला. एका चौकात ट्रॅफिक पोलिसानं त्याला बाजूला घेतलं.

“काही त्रास होतोय का?”

“नाही. गरम होतं.”

“डॉक्टरला दाखवा,” पोलीस म्हणाला आणि त्यानं आपुलकीनं वाट करून दिली.

बायकोनं मलम लावता लावता विचारलं, “आईला सांगू?”

“नको,” शिडी म्हणाला.

तो गॅरेजवालीकडे गेला. ती कमी बोलायची. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, “टाकी उचलू.”

“म्हणजे?”

“पुढून दोन बोटं, मागून बोटभर. खाली अॅल्युमिनियमचे तुकडे देते, बोल्ट लांब घालते. खालून वारा खेळेल. तुमचे गुडघे टाकीला लागतील, इंजिनाला नाही. आणि पेट्रोल मागच्या नळाकडे सरकेल, तळाशी अडकणार नाही.” मग जराशी थांबून म्हणाली, “इंजिनही दिसेल. एवढं देखणं इंजिन, कुणी पाहिलेलंच नाही.”

“दिसण्याचं मला काही नाही,” शिडी म्हणाला. काम झाल्यावर घरी येताना मात्र त्यानं फर्निचरच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि काचेत तिचं प्रतिबिंब बराच वेळ पाहिलं. दुकानदार बाहेर येऊन विचारू लागला, कपाट हवंय का.

नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. टाकीखालच्या फटीत बोट घातलं, बाहेर काढलं, बोटाकडे पाहिलं.

“हिचं नाक कुणी वर केलं?”

“आई, गरम होत होतं.”

“मला नाही कधी झालं.”

“तुमचे पाय जरा...” शिडीनं वाक्य तिथेच सोडलं, पण उशीर झाला होता.

त्या दिवसापासून नर्सबाई त्याच्याशी मुलीमार्फत बोलू लागल्या. तिघं एकाच टेबलाशी बसलेली असत. “त्यांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा.” शिडी मीठ सरकवी. “त्यांना म्हणावं, एवढं नको.” बायको दोघांकडे बघून शांतपणे जेवत राही. ती शिक्षिका होती, तिला याची सवय होती.

पुढे बायको प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेली आणि निरोप्या उरला नाही. त्याच आठवड्यात एका शाळेच्या सभागृहातलं घड्याळ इतकं उंचावर निघालं, की शिडीला जन्मात पहिल्यांदा स्टुलावर चढावं लागलं. तो पडला. उजवं मनगट मोडलं. शाळेनं घरी फोन केला आणि नर्सबाई बसनं आल्या. दवाखान्यात प्लॅस्टर घालताना त्या डॉक्टरच्या हाताकडे असं बघत राहिल्या, की त्यानं एकदा सोडून पुन्हा घातलं.

दोघं शाळेत परत आले तेव्हा शिपाई म्हणाला, “गाडी घेऊन जा. उद्यापासून सुट्टी, गेटला कुलूप असतं.”

नर्सबाईंनी शिडीपुढे हात केला. “किल्ली.”

“आई, तुम्ही?”

“मग कोण, तुमचा डावा हात?”

त्या बसल्या. शिडी मागे बसला, प्लॅस्टरचा हात छातीशी धरून. टाकीचं टोक नर्सबाईंच्या पोटाच्या वर येत होतं, तरी गाडी एका झटक्यात सुरू झाली. निम्म्या वाटेवर रस्ता खणलेला होता आणि सगळी वाहनं अडकून पडली होती. ऊन माथ्यावर होतं. गाडी वीतभर सरकायची आणि थांबायची. शिडी मागून नर्सबाईंच्या गुडघ्यांकडे बघत होता. ते टाकीला चिकटलेले होते, अगदी निवांत.

घरी आल्यावर त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसल्या आणि पँटचा पाय वर केला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा जुना तपकिरी डाग होता.

“हा पहिल्या उन्हाळ्यातला,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या पायाला मोठा आहे.”

शिडी म्हणाला, “पण तुम्ही म्हणालात...”

“तुमचे सासरे म्हणाले होते, ही गाडी बाईमाणसाला झेपायची नाही. मग गरम होतं म्हणून कुणाला सांगणार? ओलं बँडेज गुंडाळून जायचे. लोकांना वाटायचं, बाई किती तयारीनिशी येते.” त्यांनी पँट खाली केली. “ते गेले, तरी सांगायचं राहिलंच. सवय.”

शिडीनं डाव्या हातानं, अर्धं सांडत, त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी सांडलेलं पुसलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

मनगट बरं होईस्तोवर गाडी नर्सबाईंनी चालवायची, असं ठरलं. त्या गॅरेजवालीकडे जाऊन सीट खाली करून आल्या. मग जुन्या ओळखीच्या घरी जाऊ लागल्या, बाळंतिणींना बघायला, कुणी बोलावलेलं असो वा नसो. बायको परतली तेव्हा आई घरात सापडत नव्हती. प्लॅस्टर निघालं, हात पूर्वीसारखा चालू लागला. शिडीनं एकदा सकाळी विचारलं, “आई, आज गाडी...”

“जावईबापू,” त्या हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाल्या, “तुमचे पाय लांब आहेत. बसथांबा गाठायला अगदी सोयीचे.”

शिडी हल्ली बसनं कामाला जातो. बसमधलं घड्याळ बंद आहे. ते त्यानं अजून दुरुस्त केलेलं नाही, कारण उभं राहिलं की ते त्याच्या डोक्याच्या मागे येतं आणि वळायला जागा नसते.