दुपारचं खाणं बंद

त्या दिवशी फ्रीजमधले बर्फाचे सगळे ट्रे कोंबड्यांच्या नावावर होते. आईनं सरबतासाठी एक खडा मागितला, तर बाबा म्हणाले, "तुला घाम येतो. त्या बिचाऱ्यांना येत नाही. जरा माणुसकी दाखव."

"मी अंडी घालायला लागले की मिळेल का?"

"आधी घालून दाखव."

बाबांचा उन्हाळ्याचा नियम पक्का होता. खाणं पहाटेच्या गारव्यात, नाहीतर ऊन कलल्यावर. खाल्लेलं पचवताना कोंबडीचं अंग आणखी तापतं, म्हणून भर दुपारी खाद्याची भांडी रिकामी आणि पाणी गार. अंड्याचं कवच पातळ पडू नये म्हणून संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा. आम्हा भावंडांच्या परीक्षेतही कुणी आमचं एवढं पाहिलं नव्हतं. स्वतः बाबा मात्र खुराड्याशेजारी तापल्या पत्र्याखाली बसून उकळता चहा प्यायचे. त्या दिवशीही प्यायले. मी पुस्तकातून मान वर करून "आत या" म्हटलं, ते "आलोच" म्हणाले, आणि खरंच आले. इतका साधा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी ते झोपेतून उठलेच नाहीत.

भेटायला येणारे आधी गळा काढत, मग खुराड्याकडे बघत. "आता ह्यांचं काय करणार?" असं शेजारच्या काकांनी इतक्या हळुवारपणे विचारलं, की दोन कोंबड्या काखेत मिळेपर्यंत त्यांचं रडं थांबणार नाही असं वाटलं. आत्या त्यांच्याही वरताण. भर दुपारी डोळे पुसत उठली आणि "मुकी जनावरं उपाशी आहेत गं" म्हणत घमेलंभर खाद्य भांड्यांत ओतून आली. कोंबड्या चोची वासून, पंख फाकवून धापा टाकत होत्या. तरी धावल्या. फुकटचं कुणाला नको असतं!

मी जाऊन भांडी उचलली.

"अगं, बापाला जाऊन चार दिवस नाही झाले, आणि त्याच्या कोंबड्या उपाशी मारतेस?"

"संध्याकाळी देईन, आत्या. या उन्हात खाल्लं तर मरतील."

"मोठी शहाणी! वाचून वाचून कोरडी पडलीस. डोळ्यांत टिपूस नाही. बाप होता की कोण होता तुझा?"

ओसरीवरचं रडणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. आमच्या घरात मायेचं बोलायची पद्धत नव्हती. बाबांना तर मी तसं काही कधीच म्हटलं नव्हतं. माझे दोन्ही हात भांड्यांत अडकलेले, कोंबड्या पायांत घोटाळत होत्या.

"मला ते फार आवडायचे," मी म्हणाले. पार शेजारच्या काकांच्या घरापर्यंत ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.